४४ अंशांतला वाईन पंच

उन्हाळ्यात गच्चीवर जेवणं आटोपली की कठड्यावर रिकामे ग्लास उरतात. परवा नागपूरच्या धरमपेठेतल्या एका घरी मात्र उरलेले सगळेच ग्लास अर्धे भरलेले होते, आणि ते चित्र अजून मनातून जात नाही. वाईन पंचाचा काचेचा जग दिसायला फार देखणा होता. लालभडक वाईन, तिच्यात सालीसकट गोल चकत्या केलेले संत्रे, सफरचंदाच्या फोडी, वर पुदिन्याची जुडी. आल्या आल्या प्रत्येकाने त्याचा फोटो काढला, दोन घोट घेतले, ग्लास हळूच कठड्यावर ठेवला आणि पन्ह्याकडे मोर्चा वळवला. कुणाला ते फिकं लागलं, कुणी म्हणालं शेवटी जिभेवर कडू राहतं, कुणाला कोमट वाटलं. तिघांचंही खरं होतं. यजमानीणबाईंनी नाशिकची चांगली बाटली आणली होती, सकाळीच गोकुळपेठ मार्केटमधून फळं आणून, चिरून, दुपारपासून वाईनमध्ये भिजत घातली होती. हौसेत काडीची कसर नव्हती. इतक्या मायेने केलेली गोष्ट लोक सौजन्याने बाजूला ठेवतात, तेव्हा बघणाऱ्यालाही चुटपुट लागते.

फिकं, कडू आणि कोमट. तक्रारी तीन, पण मूळ एकच. कृती दुसऱ्या मुलखातली होती. तिथली हवा वेगळी, तिथला संत्रा वेगळा. आपल्याकडे मे महिन्यात वाईन पंच करायचा तर तो नागपूरच्या उन्हाशी आणि नागपूरच्या फळाशी बोलूनच करावा लागतो, आणि तसा केला तर तो इतका सुरेख होतो की लोक दुसऱ्यांदा ग्लास पुढे करतात. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी कोमटपणाचं बघू, कारण फिकेपणा त्याच्याच पोटी येतो. कृतीत ‘वाईन खोलीच्या तापमानाला असावी’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढची खोली वीस-बावीस अंशांची असते. २३ मे २०१३ ला या शहराने ४७.९ अंश पाहिलेत. इथे कूलर लावलेल्या घरातही फळीवरची बाटली ३५ ते ३८ अंशांना असते. हात लावला तर चक्क उबदार लागते. आता साधा हिशेब करा. वाईन, रस, साखर, सोडा मिळून सव्वा लिटर मिश्रण ३८ अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर जवळपास अर्धा किलो बर्फ वितळावा लागतो. म्हणजे सव्वा लिटर पंचात अर्धा लिटर पाणी. इतकं पाणी पडल्यावर फिकं झालं नाही तरच नवल. तेच मिश्रण आधी फ्रिजमध्ये ८ अंशांवर आणलेलं असेल तर वितळणारा बर्फ ५० ग्रॅमसुद्धा भरत नाही. दोन्ही जगांत सामान तेच, बाटली तीच. फरक एवढाच की एकीकडे थंड करायचं काम बर्फाच्या गळ्यात मारलं आणि दुसरीकडे ते फ्रिजने आधीच उरकलं होतं.

पंच थंड करायचं काम फ्रिजचं, थंड राखायचं काम बर्फाचं.

त्यामुळे उन्हाळ्यात पंचाची तयारी आदल्या रात्री सुरू होते. वाईनची बाटली, सोड्याच्या बाटल्या, संत्रे, लिंबं, इतकंच काय रिकामा जगसुद्धा रात्रीच फ्रिजमध्ये जायला हवा. जागाही बघून द्यावी. दाराच्या कप्प्यात उन्हाळ्यात काही नीट थंड होत नाही, कारण घरातला प्रत्येक जण पाण्याच्या बाटलीसाठी दर दहा मिनिटांनी ते दार उघडतो. खालच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला लागून बाटली आडवी सरकवावी. पाहुणे अचानक ठरले आणि बाटली गरम असली तर फ्रीजरमध्ये कोंबण्यापेक्षा मोठ्या पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून त्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवावी, मधूनमधून फिरवावी. वीस मिनिटांत बाटली हाताला झोंबेल इतकी थंड होते. नुसता बर्फ ठेवला तर तो बाटलीला इथेतिथेच टेकतो. पाणी मात्र चहूबाजूंनी भिडतं, आणि मिठामुळे ते शून्याच्याही खाली उतरतं. पॉट आईस्क्रीम करणाऱ्या घरांना हे सांगावं लागत नाही. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर वाईन उणे पाच-सहा अंशांना गोठायला लागते, फुगते आणि बूच तरी वर येतं नाहीतर काच तरी तडकते.

जगात टाकायचा बर्फ घरच्या ट्रेमधला, प्यायच्या पाण्याचा असावा. बर्फाच्या कारखान्यातली लादी पातेल्यात, जगाच्या बाहेरून लावायला उत्तम; खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंग घालून विकायचा नियम आहे, तेव्हा रंग बघूनच काय ते ठरवावं. याहून चांगली सोय म्हणजे बर्फाच्या जागी गोठवलेली फळं. बिनबियांची हिरवी द्राक्षं एप्रिलपर्यंत भरपूर असतात. ती धुऊन, फडक्याने पूर्ण कोरडी करून, ताटात एकेक सुटी पसरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची आणि मग डब्यात भरायची. ओली ठेवली तर सगळ्यांचा मिळून एक दगड होतो. टरबुजाचे इंचभर चौकोनही असेच गोठतात. ग्लासात चार-पाच द्राक्षं आणि दोन चौकोन टाकले की पंच वीस-पंचवीस मिनिटं थंड राहतो आणि त्यात पाण्याचा थेंब पडत नाही.

आता कडूपणा. इथे मात्र आपल्या संत्र्याची बाजू मांडायलाच हवी.

परदेशी कृतीतला ऑरेंज जाड सालीचा, घट्ट अंगाचा असतो. त्याच्या सालीसकट चकत्या केल्या तरी तास-दोन तास त्या बऱ्यापैकी निभावून नेतात. आपला संत्रा सुट्या, नरम सालीचा. त्याची साल तेलाने भरलेली असते आणि आतल्या बाजूला तो पांढरा, कापसासारखा थर आणि दोरे. त्याची चकती वाईनमध्ये पडली की साल लगेच सुटी होते, आतला पांढरा भाग वाईन पिऊन फुगतो आणि त्यातला कडवटपणा वाईनमध्ये उतरतो. अल्कोहोल तो पाण्यापेक्षा जास्त ओढून काढतं. दुपारी १ ला भिजवलेला जग रात्री ८ ला उघडायचा म्हणजे सात तास आपण तो काढा उकळल्यासारखाच करतो, फक्त चूल नसते.

साल काढली तरी गोष्ट संपत नाही. संत्र्याच्या रसाचं एक वैशिष्ट्य आहे, जे नागपुरात लहानपणापासून सगळ्यांना माहीत असतं, फक्त कारण माहीत नसतं. ठेल्यावर समोर काढलेला रस गोड लागतो. तोच बाटलीत भरून घरी आणला आणि रात्री प्यायला तर घशात कडू उतरतो. ठेलेवाल्याने काही फसवलेलं नसतं. अख्ख्या फळात, विशेषतः बिया आणि फोडींवरच्या पातळ पापुद्र्यात, एक बिनचवीचा पदार्थ असतो. फळ पिळलं की तो आंबट रसात मिसळतो आणि आंबटपणामुळे तासांगणिक त्याचं लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात रूपांतर होत जातं. फ्रिज हे मंदावतो, थांबवत नाही. नागपुरी संत्र्याचा रस कारखान्यात टिकवणाऱ्यांनाही हाच प्रश्न छळतो. घरी त्यावर उपाय सोपा आहे. रस आयत्या वेळी काढायचा आणि मिक्सर वापरायचा नाही. मिक्सरमध्ये बिया आणि पापुद्रे दळले जातात, तेव्हा कडूपणाला आमंत्रणच. संत्रा आडवा कापून, हाताच्या पिळणीवर हलका दाब देऊन पिळावा, शेवटचा थेंब काढायचा हट्ट सोडावा, आणि गाळून लगेच जगात ओतावा.

फोडी घालायच्या असतील तर त्या सोललेल्या हव्यात. दोरे काढून, फोडीच्या पाठीवर सुरीने चीर देऊन पापुद्रा उलगडायचा, बिया काढायच्या आणि आतला केशरी रसाळ भाग तेवढा अलगद वाटीत सोडायचा. कामाला वेळ लागतो. चार संत्र्यांना अर्धा तास सहज जातो, बोटं चिकट होतात, निम्म्या फोडी फुटतात आणि एखादी तोंडात जाते. पण पापुद्र्याशिवायची फोड वाईनमध्ये तासभर राहिली की काचेसारखी पारदर्शक होते, दाताखाली एकेक कण फुटतो आणि आधी आंबटगोड रस आणि मागून वाईन येते. पंचातला सगळ्यात सुंदर घास तोच. या अर्ध्या तासाला माझ्या मते पर्याय नाही.

सालीतलं तेल मात्र वाया घालवू नये. संत्र्याची साल दुमडून दाबली की तो बारीक फवारा उडतो, डोळ्यांत गेला की झोंबतो आणि मेणबत्तीवर धरला की चर्रकन ठिणग्या उडतात. इथल्या कोणत्याही पोराने हे खेळ केलेले असतात. संत्र्याचा खरा सुगंध त्या फवाऱ्यात आहे, रसात त्याच्या निम्माही नाही. म्हणून संत्रा सोलण्याआधी, अख्खा असतानाच, बारीक किसणीवर वरचा केशरी पदर हलक्या हाताने किसून घ्यायचा. पांढरं दिसू लागलं की थांबायचं. आधी फळ कोमट पाण्यात चोळून धुवावं, कारण बाजारातल्या चकचकीत फळावर मेणाचा हात असू शकतो. दोन संत्रे आणि एक लिंबू एवढ्यांचा किस ६० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळायचा. पाच मिनिटांत साखर ओलसर, पिवळसर होते आणि स्वयंपाकघर दरवळतं. तासभर झाकून ठेवली की उन्हाळ्याच्या उष्णतेने ती अजून पाझरते. त्यात एका लिंबाचा रस घालून ढवळलं की पाक तयार, गॅस पेटवायची गरज नाही. थंड वाईनमध्ये कोरडी साखर टाकून ढवळत बसण्यात अर्थ नसतो. थंड द्रवात ती इतकी हळू विरघळते की पहिला ग्लास आंबट आणि शेवटचा ग्लास नुसता पाक, असा प्रकार होतो.

गंमत म्हणा की दुःख म्हणा, पण पंचाची खरी गरज लागते तेव्हा नागपुरात संत्रा नसतो. संत्र्याच्या दोन हंगामांपैकी आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येऊन जातो, मृग बहार फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत ओसरतो. मे महिन्यात कळमन्याच्या बाजारात आंब्याचे ढीग लागलेले असतात, आणि संत्रा म्हणून जो काही मिळतो तो साठवणीतला, साल फुगलेला, हाताला हलका. तो घेऊ नये. आत चोथा निघतो. या शहराच्या नावाने जगभर ओळखलं जाणारं फळ आपल्याच उन्हाळ्याला पाठ दाखवतं याची मला दरवर्षी हळहळ वाटते. रस गोठवून ठेवण्याने भागत नाही, कडूपणा तिथेही पाठ सोडत नाही. किस मात्र टिकतो. मार्चमध्ये साखरेत चोळून ठेवलेला किस घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजरमध्ये ठेवला तर मे महिन्यातही तो वास बऱ्यापैकी हाती लागतो. रसासाठी तेव्हा मोसंबी घ्यावी आणि तिचा मवाळ गोडवा मोडायला लिंबू दीडपट करावं.

आणि मे महिन्याची स्वतःची देणगी आहेच, कैरी. दोन मध्यम कैऱ्या उकडून, गार करून त्यांचा गर काढायचा, साधारण १५० ग्रॅम भरतो. त्यात ८० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून मिक्सरमधून काढून गाळायचं, थंड करायचं, आणि ७५० मिली पांढऱ्या वाईनमध्ये मिसळायचं. पन्ह्यातला गूळ आणि वेलची इथे नको. गुळाने रंग मातकट होतो आणि वेलची वाईनला बोलूच देत नाही. वर पुदिन्याची पानं हातावर एकदा टाळी देऊन टाकायची. चुरगाळली तर ती काळी पडतात आणि गवतासारखा वास मारतात. मार्च-एप्रिलात संत्रा आणि लाल वाईन, मे-जूनमध्ये कैरी आणि पांढरी वाईन, अशी मी उन्हाळ्याची वाटणी करते. नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लाल वाईन नकोशीच वाटते.

वाईन कोणती घ्यावी याबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो फळंच तर घालायचीत, सगळ्यात स्वस्त घ्या. दुसरा म्हणतो महागडी घ्या. दोन्ही मला पटत नाहीत. बाटली अशी हवी की जी नुसती प्यायलाही हरकत नसावी, पण नुसतीच प्यावी असं वाटण्याइतकी भारी नसावी. त्याहून महत्त्वाचा तिचा स्वभाव. थंडाव्याने जिभेला तुरट आणि कडू जास्त जाणवतं, गोड आणि सुवास कमी जाणवतो. म्हणून लाकडी पिंपात मुरवलेली, टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने भरलेली कॅबरने किंवा दणकट शिराझ अशी लाल वाईन पंचात बर्फासोबत गेली की जिभेला कात लावल्यासारखी होते. लाल हवी असेल तर तरुण, हलकी, फळाच्या चवीची झिनफँडेल किंवा तिची गुलाबी रोझे बरी. पांढऱ्यात नाशिकची शेनँ ब्लाँ कैरीशी छान जुळते. शेनँ ब्लाँ बहुतेकदा मुळात थोडी गोडसर असते, तेव्हा साखर निम्मी घालून चाखावं. गोव्याकडची गोड पोर्ट घेतली तर साखर अजिबात नको, लिंबू मात्र दोन. आणि साखरेचा अंदाज घेताना हे लक्षात असू द्यावं की कोमट चाखताना किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे. पुरतं थंड झाल्यावर ते बरोबर लागतं.

बाटली कुठून आणि केव्हा आणली यालाही आपल्या गावात फार महत्त्व आहे. दुपारच्या उन्हात तापणाऱ्या दुकानात, काचेच्या दर्शनी कपाटात महिनोन्‌महिने उभी असलेली वाईन शिजते. पांढऱ्या वाईनचा रंग गडद पिवळा-तपकिरी झालेला असतो, बूच किंचित वर आलेलं असतं, गळ्याशी चिकट ओघळ दिसतो, आणि उघडल्यावर ताज्या फळाऐवजी उकळलेल्या जॅमचा वास येतो. असली वाईन पंचात लपत नाही. एसी असलेल्या, माल भराभर खपणाऱ्या दुकानातून, आतल्या फळीवरची बाटली मागावी. सकाळी किंवा दिवेलागणीला आणावी. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत साठच्या घरात तापमान जातं. भाजी घेऊन येईपर्यंत डिकीत बाटली ठेवली तर तेवढ्यात तिचं व्हायचं ते होतं.

आता जग लावू. सहा जणांना पुरेल असा, एप्रिलचा. एक सफरचंद, कडक आणि आंबटसर, सालीसकट एक सेंटिमीटरच्या फोडी. त्यावर मघाचा किस-साखर-लिंबाचा पाक आणि दोन बोटांच्या चिमटीइतकं साधं मीठ घालून अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये. साखर फळातलं पाणी ओढते, फळ आत पाक घेतं, तळाशी दाट रस जमतो. मीठ चवीला लागत नाही, पण कडूपणाची धार बोथट करतं. सैंधवही चालेल, काळं मीठ नको, त्याच्या वासापुढे वाईन हरते. मग हवी असल्यास ६० मिली ब्रँडी आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्यावर थंडगार वाईन, पूर्ण ७५० मिली. झाकण लावून तीन ते चार तास फ्रिजमध्ये. सफरचंदाला तेवढा वेळ लागतो. वाढायच्या तासभर आधी दालचिनी काढून टाकायची, सोललेल्या संत्र्याच्या फोडी घालायच्या. अगदी वाढताना चार संत्र्यांचा ताजा, गाळलेला रस, साधारण २०० मिली. जग काचेचा किंवा स्टीलचा असावा. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम या आंबट मिश्रणाला चालत नाहीत. माठात करायची कल्पना रम्य आहे, पण माठ वाईन पितो आणि तिचा वास पुढचे कित्येक दिवस पाण्याला देतो.

फळांमध्ये टिकणारी आणि न टिकणारी असे सरळ दोन गट आहेत. सफरचंद, पेअर, कच्चट अननस, द्राक्षं वाईनमध्ये तासन्‌तास ठेवली तरी आकार सोडत नाहीत. टरबुजात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. ते जगात टाकलं की तासाभरात सगळं पाणी देऊन मोकळं होतं आणि उरतो तो चोथा. म्हणून ते गोठवून फक्त ग्लासात. आंबा पिकून नरम झालेला असेल तर जग गढूळ करतो. बैगनपल्लीची जरा कडक, आंबटगोड फोड असेल तर ती पांढऱ्या वाईनच्या ग्लासात शेवटी टाकावी. स्ट्रॉबेरी लगदा होते, केळं आणि पपई यांचा विचारही करू नये. खरबूज चालतं, पण थोडंच, नाहीतर सगळ्या जगाला त्याचाच वास. मे अखेरीस लिची आली की सोलून, बी काढून गोठवावी. पांढऱ्या वाईनमध्ये तिच्याइतका देखणा बर्फ नाही. आणि फालसा मिळालाच, टोपलीतून पानाच्या द्रोणात, तर सोडू नका. पाव किलो फालसा दोन चमचे साखरेत चुरडून गाळला की जो जांभळट लाल, आंबट रस मिळतो, त्याने साध्या रोझे वाईनचं सोनं होतं.

सोडा जगात कधीच ओतू नये. ग्लासात आधी गोठवलेली फळं, मग तीन चतुर्थांश पंच, वर एक चतुर्थांश सोडा, आणि चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच हळू वर आणायचा. सोड्याची बाटली बर्फासारखी थंड हवी. गरम सोडा उघडताच फसफसून जातो आणि ग्लासात पडतो ते नुसतं पाणी. गोड लिंबू सोडा घेणार असाल तर पाकातली साखर निम्मी करा. जग गच्चीवर न्यायचा असेल तर त्याच्याभोवती ओला पंचा गुंडाळावा. आपल्या कोरड्या हवेत तो पंचा वाळता वाळता जगाला ऊन लागू देत नाही, माठाचं आणि कूलरचं जे तत्त्व तेच. ग्लासाचं निरीक्षण करण्यासारखं असतं. मे महिन्याच्या गच्चीवर थंड ग्लासाला घाम येतो न येतो तोच वाळून जातो. तोच ग्लास कूलरच्या ओल्या झोतासमोर नेला की भराभर थेंब धरतो आणि टेबलावर गोल उमटतो.

स्पेनमधला सांग्रिया, म्हणजे तिथला फळं घातलेला वाईन पंच, अमेरिकेत लोकप्रिय झाला तो १९६४-६५च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पेनच्या दालनातून. युरोपात आता सांग्रिया या नावाने विकायला तो स्पेन किंवा पोर्तुगालचाच असावा लागतो. पण खुद्द स्पेनमध्ये लोक रोजच्या उन्हाळ्यात बरेचदा त्याहून साधं काहीतरी पितात. थंड लाल वाईन आणि गोडसर सोडा निम्मा-निम्मा, वर लिंबाची फोड. त्याला ते तिंतो दे व्हेरानो म्हणतात. सेव्हिल, कॉर्दोबा या गावांत उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तिथली हवाही कोरडी. तेव्हा त्यांचं शहाणपण आपल्याला लागू पडावं यात नवल नाही. पाहुणे अवचित आले, फळं घरात नाहीत, फोडी सोलायला वेळ नाही, अशा वेळी अर्धवट सोपस्कार करून बिघडवलेल्या पंचापेक्षा हे शंभरपट बरं.

ताकदीचा हिशेबही सांगायला हवा, कारण हा पंच सरबतासारखा घशाखाली जातो. साडेबारा टक्क्यांची वाईन, वर सांगितलेला रस, पाक आणि ३०० मिली सोडा धरला तर तयार पंच सात टक्क्यांच्या आसपास येतो. ६० मिली ब्रँडी घातली की पावणेनऊच्या जवळ, म्हणजे स्ट्राँग बिअरच्याही वर. म्हणून मे महिन्यात मी ब्रँडी घालायच्या विरुद्ध आहे. उन्हात अंगातलं पाणी आधीच आटलेलं असतं आणि अल्कोहोल ते अजून कमी करतं. सूर्य मावळल्यावरच जग बाहेर काढावा, त्याआधी प्रत्येकाला पाणी किंवा ताक द्यावं, आणि टेबलावर पाण्याची सुरई जगाच्या शेजारीच ठेवावी. दिवसा ऊन लागलेलं असेल त्याने त्या दिवशी घेऊच नये. पोरांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी वेगळ्या रंगाचा, वेगळ्या टेबलावरचा जग हवा: काळ्या द्राक्षांचा रस, कोकमाचं आगळ, मोसंबी, सोडा. जगाच्या तळाची फळं पोरांच्या हाती लागणार नाहीत हेही बघावं. सफरचंदाच्या त्या फोडीने वाईन आणि ब्रँडी दोन्ही प्यायलेली असते. आणि बेत शहराबाहेरच्या शेतावर असेल तर शेत कोणत्या जिल्ह्यात येतं ते आधी विचारा; वर्ध्याची हद्द लागली की दारूबंदी लागते.

उरलेल्याचं काय करावं हा प्रश्न नीट केलेल्या जगापाशी फारसा येत नाही, पण आलाच तर फळं आणि पंच वेगळे करावेत. फळं गाळून डब्यात घालून दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवता येतात. त्यात ताजा संत्र्याचा रस पडला असेल तर गाळलेला पंच सकाळपर्यंत कडवट होणारच, तेव्हा तो रात्रीच कुल्फीच्या साच्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. गोठल्यावर कडूपणा फार हळू वाढतो. मऊसर गोठतो, दगडासारखा नाही, चमच्याने खरवडून खावा लागतो. साच्यांवर नाव मात्र ठळक लिहून ठेवावं, म्हणजे घरातल्या पोरांना ती साधी कुल्फी वाटणार नाही. रस न घातलेला वाईन-पाक-सफरचंदाचा पाया झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस आरामात राहतो, उलट दुसऱ्या दिवशी थोडा जास्तच मुरलेला लागतो. म्हणून लोक कमी येणार असं वाटलं तर सगळ्या जगात एकदम रस ओतू नका. अर्धा पाया दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा, आणि संत्रे पिळणीशेजारी अख्खेच राहू द्या.